आमची वाटचाल : कवड्यांचा कमरपट्टा

ट्रायबल बेली डान्स पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझं नाचाकडे लक्षच नव्हतं. २०१२ चा उन्हाळा होता. सॅन फ्रान्सिस्कोत रस्त्यावरच्या एका जत्रेत चौघी जणी नाचत होत्या. काळ्या चोळ्या, प्रचंड घेराचे घागरे, बोटांत इवल्या झांजा. त्यांतल्या एकीच्या उजव्या खुब्यावर कवड्यांनी मढवलेला चौकोनी तुकडा हलत होता आणि तो मी ओळखत होते. माझं माहेर सोलापूरचं. तांड्यावरच्या लमाण बायका डोक्यावर घागर घेतात तेव्हा खाली चुंबळ असते आणि तिच्यामागे मानेवर असाच एक भरलेला चौकोन लोंबतो. त्याला त्या गणो म्हणतात. सोलापूरच्या बाजारात मी तो लहानपणी शेकडो वेळा पाहिला होता. इथे तो कमरेवर होता.

नाच संपल्यावर मी त्या बाईंना गाठलं. त्यांनी तो गोव्यात, हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात घेतला होता. तो कशासाठी असतो हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं, तर त्यांनी तिथल्या तिथे गाठ सोडून अख्खा पट्टा माझ्या हातात दिला. वजन दीड किलोच्या आसपास. लोकरीचे गोंडे, जुनी नाणी, आरसे, घुंगरू आणि मधोमध आपल्याकडचा गणो. नाचाचे असे पट्टे करायच्या आमच्या धंद्याची सुरुवात विचारली की मी ही गोष्ट सांगते, कारण परवाने, हिशेब, दुकान हे सगळं त्यानंतर तीन वर्षांनी आलं.

‘ट्रायबल’ म्हटल्यावर आपल्याला वाटतं, हा कुठल्यातरी आदिवासी जमातीचा नाच असणार. तो आहे सॅन फ्रान्सिस्को परिसराचा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जमिला सालिमपूर यांनी उत्तर कॅलिफोर्नियातल्या, जुन्या युरोपचा थाट मांडणाऱ्या रेनेसान्स जत्रेसाठी ‘बाल अनात’ हा ताफा उभा केला. त्यांच्याकडे माशा आर्चर शिकल्या, आणि आर्चर यांच्याकडे १९७४ पासून कॅरोलिना नेरिचिओ. कॅरोलिनांनी १९८७ मध्ये ‘फॅटचान्स बेली डान्स’ सुरू केलं आणि या शैलीला आजचं रूप दिलं. यात नाच आधी बसवलेला नसतो. डावीकडे पुढे उभी असलेली बाई हाताच्या किंवा मानेच्या खुणेनं पुढची चाल सांगते आणि बाकीच्या त्याच ठेक्यावर ती उचलतात. बुवांच्या नुसत्या नजरेवर टाळकरी लय बदलतात, तसंच. पोशाखही असाच ठिकठिकाणचा : पाठ उघडी असलेली चोळी राजस्थान-गुजरातकडची, दागिने अफगाणिस्तानातल्या कुची भटक्यांचे, आणि पट्ट्यावरचे तुकडे पुष्कळदा आपल्या बंजाऱ्यांचे. २०२० मध्ये या शैलीनं आपल्या नावातून ‘ट्रायबल’ हा शब्द काढला. आम्हीही आमच्या माहितीपत्रकातून तो हळूहळू कमी केला. पण शोधणाऱ्या बायका अजून त्याच शब्दानं शोधतात, म्हणून वर पहिल्या वाक्यात तो ठेवला आहे.

मी शिकायला लागले. सहा महिन्यांनी पट्टा हवाच होता आणि तयार पट्ट्याची किंमत ऐकून मी गप्प घरी आले. फ्रीमाँटच्या आमच्या दोन खोल्यांत, आईनं दिलेल्या जुन्या इरकलीचं अस्तर लावून, मी पहिला पट्टा हातानं शिवला. तो चुकला होता. मी माप कमरेचं घेतलं आणि पट्टी सरळ कापली. नाचताना ती वर सरकायची आणि वरची कड पोटापासून सुटी व्हायची. पट्टा कमरेवर बसत नाही, खुब्यांवर बसतो. आणि आपलं शरीर तिथे खाली रुंद होत जातं, म्हणून पट्टीला चंद्रकोरीसारखा हलका बाक लागतो. शिवाय माप घागरा नेसूनच घ्यायचं. पंचवीस वार घेराचा घागरा अंगावर असताना मापात तीन-चार इंचांचा फरक सहज पडतो. दुसरा पट्टा बरा झाला, तिसरा वर्गातल्या मैत्रिणीनं मागून घेतला.

पैसे घेता येत नव्हते. मी एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्या नवऱ्याची बायको म्हणून राहत होते, त्यावर काम करायला मनाई होती. वर्गातल्या सात जणींना मी पट्टे शिवायला शिकवलं, ते असंच, डबा खात खात. २६ मे २०१५ पासून, नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज पुढच्या टप्प्यावर पोचला असेल तर बायकोलाही कामाचा परवाना मिळू लागला. माझा आला त्या आठवड्यात आम्ही अलामीडा काउंटीच्या कचेरीत जाऊन धंद्याचं नाव नोंदवलं. इथला नियम असा की ते नाव वर्तमानपत्रात चार आठवडे छापून आणावं लागतं. ती चार कात्रणं अजून माझ्याकडे आहेत. सोलापूरला बाबांना फोटो पाठवला, तर त्यांनी छापून आणून देवघरापाशी ठेवला.

धातूचं काम माझं नाही. ते माझी भागीदार बघते. ती वर्गातलीच, आधी सोनारकाम शिकलेली. कुची लोलक बहुतेक गिलटाचे, म्हणजे हलक्या पांढऱ्या मिश्रधातूचे असतात. त्यांच्या कडा धारदार असतात आणि काचा सैल. ती प्रत्येक कड कानशीनं घासते आणि काच पुन्हा बसवते. घागऱ्याचा घेर उचलून पट्ट्यात खोचायची पद्धत आहे, त्यामुळे एक धारदार नाणं अख्खा घागरा फाडू शकतं.

पहिली दोन वर्षं आम्ही सगळे करतात तेच केलं. जुनं कापड आणायचं, कापायचं, पट्ट्यावर लावायचं. मी सोलापूरला गेले की दोन बॅगा भरून आणायची : फेटिया, म्हणजे लमाण बायकांचा घागरा, कांचळी, म्हणजे त्यांची आरसे लावलेली चोळी, आणि गणो. एका फेटियाच्या काठातून तीन पट्टे निघायचे. माल खपत होता, पहिल्यांदाच हातात पैसा खेळत होता आणि मी त्यात खूश होते.

२०१७ च्या डिसेंबरात एका ओळखीच्या बाईंबरोबर सोलापूरजवळच्या तांड्यावर गेले. सोबत नमुन्यादाखल आमचा एक पट्टा नेला होता. ओट्यावर बसलेल्या आजींच्या हातात तो दिला. त्यांनी गोंड्यांकडे, नाण्यांकडे पाहिलंच नाही. पट्टा उलटा केला, अस्तराची कड नखानं जरा उचलली आणि आतल्या भरतावरून बोट फिरवत राहिल्या. मग गोरमाटीत, म्हणजे लमाणांच्या बोलीत, काहीतरी विचारलं. सुनेनं मला मराठीत सांगितलं, “याडी (आई) विचारते, बाकीचं कुठंय?”

मला उत्तर देता आलं नाही. बाकीचं दोन पट्ट्यांवर जाऊन ओरेगनला आणि टेक्ससला गेलं होतं. सून सांगत होती, असा एक फेटिया भरायला दोन हंगाम जातात, कामावरून आल्यावर रात्री भरायचा. आजी रागावल्या नव्हत्या. त्यांनी खरंच विचारलं होतं, तुकडा हरवला असेल तर शोधू या, अशा सुरात.

परत आल्यावर भागीदाराशी बोलले आणि आम्ही ठरवलं, धड कपडा कापायचा नाही. आधीच फाटलेला, सुटा मिळालेला तुकडा चालेल. बाकी सगळं भरतकाम नवं करून घ्यायचं. त्या वर्षी आमची विक्री निम्म्यावर आली, कारण ‘जुना तुकडा’ या शब्दांनाच किंमत होती. काही जुनी गिऱ्हाइकं सुटली. पण त्याच तांड्यावरच्या सहा जणी आमच्यासाठी भरायला तयार झाल्या, आज त्या अकरा आहेत. दर आम्ही तुकड्यावर ठरवतो आणि तो त्या सांगतात. नक्षीही त्यांचीच. एकदा मी कागदावर नक्षी काढून पाठवली होती. तुकडे आले ते जिवाला न भिडणारे, नुसते नीट. पुन्हा कधी पाठवली नाही.

आता चुकांबद्दल, कारण आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी त्या पहिल्या दिवशीच सांगते.

एका कार्यक्रमात आमच्या पट्ट्याची कवडी-ओळ भर नाचात सुटली. एका लांब दोऱ्यात ओवून शिवल्या होत्या. दोरा तुटला आणि चौदा कवड्या फरशीवर. या नाचात सगळ्या अनवाणी असतात. एकीच्या टाचेत कवडीची कड घुसली. त्या दिवसापासून आमच्याकडे प्रत्येक कवडी स्वतंत्र गाठीची : पाठ घासून भोक पाडायचं, दुहेरी दोऱ्याला मेण लावायचं, तीन टाके, गाठ, दोरा तोडायचा, मग पुढची. वेळ तिप्पट लागतो. लागू दे. आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ मी तुळजापुरात हातात घेऊन पाहिली आहे. तीही अशीच, एक कवडी निखळली तरी बाकीची माळ जागची हलत नाही.

दुसरी चूक रंगाची. लाल लोकरीच्या गोंड्यांचा रंग घामानं उतरला आणि एका नर्तकीचा साय-रंगाचा घागरा डागाळला. घागऱ्याची भरपाई दिली. तेव्हापासून लोकरीची प्रत्येक लड आधी भिजवून पांढऱ्या मांजरपाटावर रात्रभर दाबून ठेवतो. सकाळी कापडावर गुलाबी छटा दिसली तर ती लड बाद. आणि तिसरी चूक कागदपत्रांची : कवड्या या प्राणिजन्य वस्तू, व्यापारासाठी आणायच्या तर अमेरिकेत वन्यजीव खात्याचा परवाना आणि जाहीरनामा लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. अख्खं पार्सल दोन महिने अडकलं. दोष आमचाच होता.

आज आम्ही तयार पट्टे फार थोडे विकतो. मुख्य काम आहे ते जिचा पट्टा तिनं शिवायचा, याचं. त्यासाठीच्या पेटीत आम्ही बाक दिलेलं कॅनव्हास, अस्तर, भरलेले दोन तुकडे, कवड्या, लोकर, घासलेली नाणी आणि मेणाची वडी देतो. मापाचा कागद तिनं स्वतः करायचा. मला हेच पटतं, कारण पट्टा कुणाच्या अंगावर कसा हलेल हे शिवणाऱ्या परक्या बाईला कळत नाही. गोंडा खुब्याच्या हाडावर आला तर छोट्यातला छोटा झटकाही मागच्या रांगेपर्यंत दिसतो. दोन बोटं पुढे सरकला तर तोच गोंडा मांडीवर आपटत राहतो, नाच झाकतो. म्हणून आधी गोंडे टाचणीनं लावायचे, आरशासमोर पंधरा मिनिटं नाचायचं, टाचण्या हलवायच्या, पुन्हा नाचायचं. शिवण त्यानंतर.

गोंडा करायला सोपा. सात इंची पुठ्ठ्यावर लोकरीचे साठ वेढे, वर घट्ट गाठ, खाली कात्री, मानेला वेगळ्या रंगाचा दोरा. अवघड आहे तो तोल. डावी-उजवी बाजू स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून बघायला सांगते. पन्नास ग्रॅमचा फरकही अर्ध्या तासात कंबरेला जाणवतो. नाडी पट्ट्याच्या टोकाला कधीच जोडायची नाही. ती दोन्ही थरांच्या मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची, म्हणजे सगळा ताण नाडीवर येतो, शिवणीवर नाही. आणि बकरम घालू नका. ताठ पट्टा टेबलावर सुंदर दिसतो, अंगावर मात्र तो कंबरेलाच बांधून ठेवतो.

२०२० मध्ये जत्रा, वर्ग, कार्यक्रम सगळं थांबलं, तेव्हा या पेट्यांनीच आम्हाला तारलं. दर शनिवारी पडद्यावर वीस-बावीस चौकटी, प्रत्येकीत एक सुई. तेव्हा तांड्यावरच्या सुनेलाही एकदा फोनवरून जोडून घेतलं. तिनं आरसा कसा बसवतात ते दाखवलं : आधी आडवे-उभे चार टाके घेऊन त्याला पकडायचं, मग त्या टाक्यांनाच गुंफत गोल काजा-टाका. भाषा कुणालाच कळत नव्हती, पण सगळ्यांचे आरसे बसले. ते रेकॉर्डिंग आता प्रत्येक पेटीबरोबर देतो आणि त्याचं मानधन दर पेटीमागे तिला जातं.

गेलं वर्ष जड गेलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत येणाऱ्या ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची आयात-करमाफी गेली, भारतातून येणाऱ्या मालावरचा कर वाढला, आणि भरतकामाचे छोटे छोटे गठ्ठे मागवायची आमची पद्धत मोडली. आता वर्षातून दोनदा एकत्र माल येतो. तांड्यावर पैसे मात्र आधीसारखेच, तुकडा तयार झाला की. ते थांबवून आम्ही कर भरणार नाही, एवढं आमचं दोघींचं ठरलं आहे. पेटीची किंमत अकरा डॉलरनं वाढवली आणि का वाढवली ते गिऱ्हाइकांना सरळ लिहून कळवलं.

आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या हातचा एक गणो सुनेनं मला दिला, विकायला नाही. तो कारखान्यात, म्हणजे आमच्या गॅरेजमध्ये, कापायच्या टेबलासमोर उलटा टांगला आहे, मागची बाजू दिसेल असा. मागून टाके किती सारखे पडले आहेत ते शिकाऊ मुली जवळ जाऊन बघतात.

या रविवारी आठ जणी येणार आहेत. दोघी नवशिक्या, एक जण सॅक्रामेंटोहून आईचा जुना पट्टा दुरुस्त करायला. कॅनव्हास कापून झालं आहे, लोकर मांजरपाटावर दाबून ठेवली आहे. मेणाच्या वड्या तेवढ्या पाडायच्या राहिल्या आहेत.