बोर्डिंगमधला बोर्ड

आज लेकीला घेऊन दसरा चौकातून येत होतो. मुस्लिम बोर्डिंगकडं बघून तिनं विचारलं, "बाबा, बोर्ड म्हणजे फळा ना? मग राहायच्या जागेला बोर्डिंग का म्हणतात?"

मला नेमकं सांगता आलं नाही. घरी आल्या आल्या शब्दकोश काढला.

जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे लाकडाची फळी. फळीचं झालं टेबल. टेबलावर जेवण मांडतात, म्हणून रोजच्या जेवणालाही बोर्डच म्हणू लागले. बोर्डिंगमधला बोर्ड तो हा, जेवणाचा! त्याच टेबलाभोवती बसून कारभार करणारी मंडळीही बोर्ड झाली. परीक्षेचं बोर्ड तिथूनच आलं. मला यात आपली फळी आठवली. ती लाकडाची असते, तशी कार्यकर्त्यांचीही असते.

पण मन रेंगाळलं ते जेवणाच्या अर्थावर. शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. पुढं जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातली मुलं, सगळ्यांसाठी बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातल्या पोराला शिकायला कोल्हापुरात यायचं तर पहिला प्रश्न दोन वेळच्या जेवणाचाच असायचा. माझे आजोबा असंच एका बोर्डिंगात राहून शिकले. तिथल्या आमटी-भाकरीबद्दल ते शेवटपर्यंत बोलायचे.

लेकीला हे सगळं सांगितलं. तिनं लगेच विचारलं, "पणजोबांचं बोर्डिंग कुठलं?" रविवारी दाखवायला नेणार आहे.