प्रश्नावलीत १४ गुण

पीसीएल-५ प्रश्नावलीत २० प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ४ गुण. बेरीज ३१ ते ३३च्या पुढे गेली की आघातोत्तर ताणविकाराची (पीटीएसडी, भीषण प्रसंगानंतर जडणारा मानसिक विकार) शंका घेऊन सविस्तर तपासणी करायची. समोरच्या माणसाचे भरले १४. राहत्या गल्लीत अधूनमधून गोळीबार, दोन शेजारी डोळ्यांदेखत मारले गेलेले, आणि १४! तक्रार त्याची नव्हतीच, बायकोने आणला होता. "मुलगी पहिलं पाऊल टाकून पडली, सगळे हसले. हे नुसते बघत राहिले."

त्याने खुर्ची ओढून पाठ भिंतीला लावली, तोंड दाराकडे. शेजाऱ्यांबद्दल बोलताना आवाज सपाट. तेवढ्यात बाहेर दार आपटलं. "दचकलात?" "छे." नाडी मोजली: ११२. आल्यावर ७८ होती. तो खोटं बोलत नव्हता. शरीर दचकत होतं, त्याला ते कळत नव्हतं. भीती बधिर केली की आनंदही बधिर होतो, निवड करता येत नाही.

प्रश्नावलीही अपुरी. ती धोका टळून गेलेल्यांसाठी बनलेली. इथे 'आघातोत्तर'मधलं 'उत्तर'च आलेलं नाही. दक्षिण आफ्रिकेत १९८०च्या दशकात, वर्णभेदाच्या काळात, मानसोपचारकांनी अशा स्थितीला 'सततचा आघातजन्य ताण' म्हटलं ते याचसाठी.

मग माझी चूक. डोळे मिटून श्वास घ्यायला सांगितलं. अर्ध्या मिनिटात घामाघूम होऊन तो उठला. डोळे मिटणं म्हणजे पहारा सोडणं, हे मला आधी सुचायला हवं होतं. मग डोळे उघडे, नजर दारावर, ४ मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, ५ मिनिटं. नाडी ८८वर आली.

सावधपणाच्या ११ सवयी कागदावर उतरवल्या. प्रत्येकीला एकच प्रश्न: हिने खरा धोका टळतो का? खिडकीपासून लांब झोपणं, रस्ता बदलून जाणं, या ठेवल्या. असली सवय काढणारा उपचार माणसाला मारू शकतो. रात्री चौथ्यांदा कडी तपासणं काढलं. रोज २० मिनिटं पहारा बायकोकडे, तो मुलीसोबत. पहिल्या आठवड्यात ६ मिनिटंच टिकला.

पाचव्या भेटीला तो चिडून आला. आदल्या रात्री शेजाऱ्याच्या आठवणीने रडला होता. "आधी बरा होतो मी." प्रश्नावली पुन्हा भरून घेतली: २९. फाइलमध्ये मी 'सुधारणा' असं लिहिलं.