युरोपातल्या शहरांसाठी कॅमेऱ्याची बॅग: ४.२ किलोवरून १.२ किलोपर्यंत

पॅरिस, रोम, प्राग, व्हिएन्ना अशा पायी फिरायच्या शहरांसाठी बांधलेल्या किटची ही नोंद आहे. तीन फेऱ्यांमध्ये यादी कशी बदलली, काय गळलं आणि का गळलं, ते क्रमाने मांडलं आहे. बॉडीचं, म्हणजे लेन्सशिवाय कॅमेऱ्याचं, वजन बॅटरी आणि कार्डासकट धरलंय, लेन्सचं हूड आणि झाकणं वगळून. लेन्सच्या नावातले आधीचे आकडे मिलिमीटरमधले, लहान आकडा म्हणजे रुंद दृश्य; ‘एफ’पुढचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त. पक्षी किंवा डोंगर हा विषय असेल तर ही यादी उपयोगाची नाही.

फेरी १: सगळं घेऊन

सोनी ए७ फोर ६५८ ग्रॅम, २४-७० एफ २.८ जीएम टू ६९५, ७०-२०० एफ ४ जी टू ७९४, १६-३५ एफ ४ पीझेड ३५३, ३५ एफ १.८ ही प्राइम (झूम न होणारी लेन्स) २८०, दोन जादा बॅटऱ्या १६६ आणि साधारण १३०० ग्रॅमचा कार्बन ट्रायपॉड. बेरीज ४२४६ ग्रॅम. त्यात दीड किलोची पाठीवरची बॅग धरली की पावणेसहा किलो झाले. लुफ्तान्साच्या इकॉनॉमीत केबिन बॅगेला ८ किलोची मर्यादा आहे, म्हणजे कपडे, औषधं, चार्जर या सगळ्यांना मिळून सव्वादोन किलो उरतात. रायनएअरच्या मोफत बॅगेचं माप ४० × ३० × २० सेंटिमीटर आहे. त्यात ही बॅग ट्रायपॉडसकट बसतच नाही.

ट्रायपॉड सर्वांत आधी गेला. लूव्हर, व्हॅटिकन संग्रहालयं आणि बहुतेक मोठी चर्चेस तो आत नेऊ देत नाहीत. म्हणजे जिथे अंधार सगळ्यात जास्त, नेमकं तिथेच तो वापरता येत नाही. उरतात नदीकाठ आणि पूल. तिथे दगडी कठड्यावर घडी केलेला रुमाल ठेवून त्यावर कॅमेरा टेकवला आणि दोन सेकंदांचा टायमर लावला, तर सेकंदभराचं एक्स्पोजर स्वच्छ येतं. पट्टा मात्र गळ्यात किंवा मनगटात अडकवलेलाच हवा, कारण कठड्यापलीकडे पाणी असतं.

७०-२०० दुसरी गेली. जुन्या शहरांच्या गल्ल्यांत इतकं मागे सरकायला जागाच मिळत नाही. या लेन्सचा खरा उपयोग मनोऱ्यांवरून किंवा टेकडीवरून छपरांचे थर दाबून दाखवायला होतो. असे फोटो एका शहरात चार-पाच निघतात. तेवढ्यासाठी दिवसभर ७९४ ग्रॅम वागवणं परवडत नाही.

फेरी २: दोन झूम, एक प्राइम

२४-७० च्या जागी २४-१०५ एफ ४ जी आली, ६६३ ग्रॅम. १६-३५ आणि ३५ ची प्राइम राहिली. बॅटऱ्या धरून २१२० ग्रॅम, म्हणजे पहिल्या यादीच्या निम्मं. कागदावर ही यादी अगदी समंजस दिसते. अडचण प्रकाशात आहे: दोन्ही झूम एफ ४ च्या, आणि युरोपातली शहरं घराच्या आत आणि संध्याकाळनंतर पाहायची असतात.

हिशोब असा. दिव्यांनी उजळलेल्या पण अंधाऱ्याच म्हणाव्या अशा गल्लीत एफ १.४ आणि १/३० सेकंदाला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढली की फोटो दाणेदार होतो) साधारण ८०० लागतो. तोच फोटो एफ २.८ ला ३२०० वर जातो, एफ ४ ला ६४०० वर. चालणारा माणूस गोठवायचा तर १/१२५ हवा, म्हणजे आणखी दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). एफ ४ वर आकडा २५६०० होतो. स्टॅबिलायझेशन इथे कामी येत नाही. ते हाताचा कंप थांबवतं, माणसाचं चालणं थांबवत नाही. पाच स्टॉपची बॉडी असूनही गर्दीचे फोटो पुसट येतात त्याचं कारण हेच.

ऋतूचाही विचार याच ठिकाणी करायचा. जूनअखेर पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात पाचच्या आतच. उन्हाळ्याच्या सहलीत उजळ प्राइम मुख्यतः चर्चच्या आत लागते, रस्त्यावरचा दिवस झूमवर निभतो. हिवाळ्याच्या सहलीत मात्र जवळपास अर्धी सहल तिच्यावरच होते. तेव्हा तिकिटांच्या तारखा आधी बघा, लेन्सचा निर्णय मग घ्या.

दुसरी चूक रुंद झूमच्या बाबतीत होती. १६ मिलिमीटर असली की उंच इमारत मावते, हा समज आकडेमोडीत टिकत नाही. कॅमेरा उभा आणि क्षितिजाला समांतर धरला तर २४ मिलिमीटरला डोळ्याच्या पातळीच्या वर अंतराच्या ०.७५ पट उंची येते. २० ला ०.९ पट, १६ ला १.१ पटीच्या जरा वर. कोलोन कॅथेड्रलचे मनोरे १५७ मीटर. २४ ला ते सरळ मावायला सुमारे २०७ मीटर मागे जावं लागेल, १६ ला सुद्धा १३८. कॅथेड्रलपुढच्या चौकात एवढी जागा नाही. खरा उपाय ऱ्हाईन ओलांडून ड्यॉइट्झच्या काठावर जायचा, आणि तिथे लागते झूमची लांब बाजू. व्हिएन्नाच्या श्टेफान्सडोमचा दक्षिण मनोरा १३६ मीटर आहे आणि भोवतालचा चौक त्याहून अरुंद, तिथे हाच प्रश्न येतो.

मग रुंद लेन्स कशासाठी? कॅमेरा वर वाकवून घेतलेला फोटो संगणकावर सरळ केला की डाव्या-उजव्या बाजू त्रिकोणी कापल्या जातात. तो कापला जाणारा भाग आधीच चौकटीत घेऊन ठेवायला रुंदी लागते. त्यासाठी २०-२२ मिलिमीटर पुरतात. १६ ला वाकवलं की वरचं टोक इतकं निमुळतं होतं की सरळ करताना तिथला तपशील ताणून फाटतो.

पॅरिसच्या सेंट शापेल या चर्चमध्ये हे स्पष्ट दिसतं. वरच्या मजल्यावरच्या १५ खिडक्या, प्रत्येक सुमारे १५ मीटर उंच, आणि दालनाची रुंदी जेमतेम ११ मीटर. समोरच्या भिंतीला पाठ टेकली तरी खिडकीचं टोक सरळ चौकटीत येत नाही. वाकवावंच लागतं. तिथे एक्स्पोजर -१ ते -१.७ पर्यंत खाली ओढा. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक काळ्या दगडाकडे बघून काच उजळवतो आणि निळा-लाल रंग धुऊन टाकतो. सावली रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमधून वर उचलता येते, उडालेला लाल परत येत नाही. रोमच्या पँथिऑनमध्ये याच्या उलट जपावं लागतं. छताच्या गोल झरोक्यातून पडलेला उन्हाचा पट्टा घुमटाच्या चौकोनी खाचांवर सरकत असतो. झरोक्यातलं आकाश पांढरं होऊ द्या, पट्टा ज्या खाचांवर आहे तिथलं पोत मात्र जपा. तो पट्टा हाच विषय आहे.

फेरी ३: सेन्सर बदलला

एपीएस-सी या लहान सेन्सरवरची एफ २.८ ही नॉइज (दाणेदारपणा) आणि क्षेत्रखोली (किती अंतरापर्यंत फोटो स्पष्ट राहतो ते) या दोन्ही बाबतींत फुल फ्रेमच्या, म्हणजे ए७ फोरसारख्या मोठ्या सेन्सरच्या, साधारण एफ ४ इतकी धरता येते. म्हणजे एफ ४ च्या झूम घेऊन फुल फ्रेम वागवण्यात प्रकाशाचा फायदा जवळजवळ शून्य आहे, वजन तेवढं वाढतं. हे मान्य झाल्यावर यादी अशी आली: सोनी ए६७०० ४९३ ग्रॅम, सिग्मा १८-५० एफ २.८ २९० ग्रॅम, सोनी ई १५ एफ १.४ जी २१९ ग्रॅम. एकूण १००२. एनपी-एफझेड१०० या दोन जादा बॅटऱ्या धरून ११६८ ग्रॅम.

१८-५० फुल फ्रेमच्या २७-७५ इतकी आहे. १५ ची प्राइम साडेबावीस इतकी. झूमची रुंद बाजू संपते त्याच्या अलीकडे प्राइम बसते, त्यामुळे दोन्हींची कामं एकमेकांवर चढत नाहीत. आधीच्या यादीतली ३५ ची प्राइम नेमकी झूमच्या मधोमध पडत होती. तिने उजेड वाढला, नवी चौकट मिळाली नाही.

या किटच्या उणिवाही लिहून ठेवतो. १८-५० ला स्वतःचं स्टॅबिलायझेशन नाही, सगळा भार बॉडीवर. तिला पाणी अडवणारं रबर फक्त माउंटपाशी, म्हणजे लेन्स बॉडीला जोडते तिथे, आहे, त्यामुळे झूमची नळी बाहेर काढून पावसात उभं राहू नका. आणि ए६७०० ला कार्डाचा एकच खण आहे. ही उणीव मोठी आहे. तिच्यावरचा उपाय खाली कार्डांच्या नोंदीत दिलाय.

आणखी हलकं हवं असेल तर ओएम-५ ही आणखी लहान सेन्सरची बॉडी ४१४ ग्रॅम, १२-४५ एफ ४ २५४ आणि पॅनासॉनिक ९ एफ १.७ १३० ग्रॅम, असे सगळे मिळून ७९८. तिथे झूम संध्याकाळी अपुरी पडते, पण ९ ची प्राइम आणि बॉडीचं जबर स्टॅबिलायझेशन मिळून स्थिर विषय छान निभतात. रात्री माणसं टिपायची नसतील तर हा पर्याय मला फार आवडतो.

दिवे, पट्टे, फिल्टर

युरोपात वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. संग्रहालयात आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की भिंतीवर आडवे पट्टे उमटतात. शटर १/५० किंवा १/१०० ला ठेवलं की ते बहुधा जातात. काही एलईडी मात्र वेगळ्याच गतीने लुकलुकतात आणि त्यांना हा उपाय लागू पडत नाही. तिथे यांत्रिक शटरने एकेक फोटो घ्या. पहिला फोटो घेतल्यावर स्क्रीनवर मोठा करून भिंतीचा मोकळा भाग तपासायची सवय लावा. छोट्या आकारात पट्टे दिसत नाहीत.

फ्लॅश आणूच नका, जवळपास सगळीकडे मनाई आहे. सिस्टीन चॅपल आणि माद्रिदचं प्रादो इथे तर फोटोच काढू देत नाहीत. लूव्हरला ५५ × ३५ × २० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत जात नाही. सहा लिटरची खांद्यावरून तिरकी घ्यायची बॅग बहुतेक ठिकाणी चालते, आणि गर्दीत तिची चेन पोटाकडे वळवता येते.

पोलरायझर एकच, झूमच्या मापाचा. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांवरची चमक आणि दुकानांच्या काचांतलं प्रतिबिंब काढायला तो लागतो. दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो, म्हणून चर्चच्या दारात तो काढायचाच. रुंद प्राइमवर लावला तर आकाश एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिकट येतं. विमानाच्या खिडकीतून तर तो इंद्रधनुषी डाग दाखवतो, कारण त्या खिडकीच्या प्लास्टिकमध्ये ताण असतो.

वीज आणि कार्डं

सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच, टोकांवर झाकण किंवा चिकटपट्टी लावून. मर्यादा १०० वॅट-अवरची आहे. एफझेड१०० १६.४ ची आणि १०००० एमएएचची पॉवरबँक सुमारे ३७ ची, त्यामुळे अडचण येत नाही. पॉवरबँकेतून एक बॅटरी साधारण दीड वेळा भरते.

चार्जर १०० ते २४० व्होल्टचा असतोच, ट्रान्सफॉर्मर लागत नाही. प्रश्न पिनांचा आहे. जर्मनीतला जाड गोल शुको प्लग ४.८ मिलिमीटर पिनांचा असतो. तो इटलीच्या दहा अँपियरच्या तीन भोकांच्या सॉकेटमध्ये जात नाही, स्वित्झर्लंडच्या खोलगट सॉकेटमध्येही नाही. ४ मिलिमीटर पिनांचा चपटा युरोप्लग मात्र जर्मनी, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, डेन्मार्क सगळीकडे बसतो. ॲडॉप्टर घेताना तोच बघून घ्या. लंडनसाठी तीन चौकोनी पिनांचा वेगळा लागतो.

अनेक हॉटेलांत दारापाशीच्या खाचेत चावीचं कार्ड असेपर्यंतच खोलीत वीज असते. कार्ड काढून जेवायला गेलात की चार्जिंग बंद, आणि रात्री परतल्यावर बॅटरी होती तिथेच. काही खोल्यांत छोट्या फ्रिजचा सॉकेट चालू राहतो. पोचल्याबरोबर तो तपासा, नाहीतर बॅटऱ्या पॉवरबँकेवर लावून बाहेर पडा.

एका खणाच्या बॉडीसाठी ६४ जीबीची चार कार्डं, १२८ ची दोन नाहीत. २६ मेगापिक्सेलच्या रॉ फाइली एका कार्डात साधारण दोन हजार मावतात. रोज एक कार्ड, आणि भरलेलं पुसायचं नाही. रात्री यूएसबी-सी रीडरने फोनमार्फत छोट्या एसएसडीवर नक्कल घ्या. एसएसडी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली हवी; एनटीएफएस असली की फोन बहुधा त्यावर लिहीत नाही, आणि हे कळतं पहिल्याच रात्री. नक्कल झाली की पाच-सहा फाइली एसएसडीवरून उघडून बघा. मग कार्ड अंगावरच्या खिशात, एसएसडी खोलीतल्या बॅगेत.

हिवाळ्यात शून्य अंशातून गरम संग्रहालयात शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा. दव मग पिशवीवर बसतं. लेन्सच्या आत बसलं तर अर्धा तास वाया जातो.

अजून न सुटलेलं

१५ च्या प्राइमऐवजी सिग्मा १०-१८ एफ २.८, २६० ग्रॅम, हा प्रश्न खुला आहे. ४१ ग्रॅम वाढतात, रुंदी फुल फ्रेमच्या १५ इतकी मिळते, पण दोन स्टॉप उजेड जातो. चर्चचं आतलं बांधकाम हाच मुख्य विषय असलेल्या जूनच्या सहलीसाठी ती बसेल असं वाटतं. डिसेंबरच्या यादीत १५ एफ १.४ कायम.