दूर्वा, वांग्याचं फूल आणि सोडलेली नोकरी

आज संकष्टी. मंडईत दूर्वांची जुडी घेताना माझी शिक्षकाची नोकरी होती ती थायलंडमधली शाळा डोळ्यांसमोर आली. तिथे 'वाय ख्रू' असतो, म्हणजे एखाद्या गुरुवारी होणारं गुरुवंदन. पोरं गुडघ्यांवर सरकत येतात, शिक्षकांपुढे तबक ठेवतात. त्यात दूर्वा, वांग्याची फुलं, इक्झोराची फुलं. दूर्वा कितीही तुडवल्या तरी पुन्हा फुटतात, वांग्याचं फूल मान खाली घालून असतं. शिष्यानं तसं असावं. माझ्यासमोर वाकलेली ती डोकी बघून गळा दाटून आला होता.

नोकरी सोडली ती शाळेवर रागावून नव्हे. शेजारचे देश पाहायचेच होते! मेकाँग नदी ओलांडली की लाओस. ह्वे साय ते लुआंग प्रबांग दोन दिवस लाकडी बोटीत, मधे पाकबेंगला मुक्काम. पहाटे भिक्खूंच्या रांगेला चिकट भात वाढणाऱ्या आज्या पाहिल्या. पुढे कंबोडियातल्या अंकोरवाट मंदिराच्या भिंतीवर १२व्या शतकातलं समुद्रमंथन, जवळपास ४९ मीटर लांब. वासुकीच्या तोंडाकडे असुर, शेपटाकडे देव. लहानपणी आईनं सांगितलं होतं अगदी तसंच. किती वेळ तिथून पाय निघेना.

आता आईला तिथे न्यायचंय. तिच्या पासपोर्टचा अर्ज कालच भरला.