स्प्रिंग रिव्हर्बचा मुका डबा

मी आर्वीकडच्या एका खेड्यात रेडिओ-अॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. पूर्वी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारे एक काका जुनी लाकडी पेटी घेऊन आले. म्हणाले, "आवाज येऊन राह्यला बाबू, पण घुमून नाही राह्यला."

पेटी व्हॉल्व्हवर, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांवर चालणारी, अमेरिकन. गिटार बनवणाऱ्या फेंडर कंपनीने १९६१ साली गिटारसाठी असा स्वतंत्र रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमार देणारी पेटी काढली, त्याच धाटणीची. आत पत्र्याच्या लांब तबकात दोन स्प्रिंगा ताणलेल्या. एका टोकाची कॉइल गिटारच्या सिग्नलने स्प्रिंग हलवते, लहर दुसऱ्या टोकाला पोचते, परतते, पुन्हा जाते. तिथली कॉइल त्या हालचालीचा परत सिग्नल करते. मोठ्या दिवाणखान्यासारखी घुमार एवढ्याशा तबकातून येते, याचं मला आजही अप्रूप वाटतं. ऑर्गनवाल्या लॉरेन्स हॅमंडने ही युक्ती रुळवली.

आमच्याकडे २३० व्होल्ट, पेटीला ११७ लागतात. म्हणून आधी स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर, आणि पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब, म्हणजे आत शॉर्ट असला तर करंट बल्बमध्येच अडतो. बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये जीवघेणा चार्ज साठलेला असतो. रेझिस्टर लावून तो उतरवल्याशिवाय आत बोट घालू नये. दोन पिनांची वायर काढून अर्थिंगवाली तीन पिनांची बसवली.

आता बिघाड कुठल्या बाजूला? पेटी चालू ठेवून तबकाला हलकी टिचकी मारायची. स्पीकरमधून ढगांसारखा गडगडाट आला तर स्प्रिंगांपासून पुढचं सगळं शाबूत, दोष स्प्रिंगांच्या आधीच्या भागात. इथे काहीच आलं नाही. बरेच जण अशा वेळी व्हॉल्व्ह बदलत बसतात. मी तबक सोडवून आउटपुट कॉइलवर मीटर लावला. सुमारे २०० ओहम दिसायला हवे होते, मीटर हललाच नाही.

भिंगातून पाहिलं. केसाहून बारीक तांब्याची तार, सोल्डरच्या ठिपक्याला चिकटते तिथेच तुटलेली. कॉइलच्या कडेला तिचं जेमतेम टोक दिसत होतं. ब्लेडच्या पात्याने वरचं इनॅमल अलगद खरवडलं. जरा जोर पडला असता तर टोक कॉइलच्या आत गेलं असतं. जुन्या इअरफोनच्या वायरीतली एक तार काढून जोड दिला, वर नेलपॉलिशचा थेंब. मीटरवर आकडा आला तेव्हा काका खुर्ची सोडून माझ्या खांद्यावर वाकले होते.

नवं तबक मागवता आलं असतं, पण या स्प्रिंगांचा सूर काकांच्या कानात बसलेला. जुनं वाचत असेल तर वाचवावं, या मताचा मी आहे.

पॉवर सप्लायचे कंडेन्सर सुकले होते, त्यामुळे स्पीकरमधून सतत घूंऽ असा हुंकार येत होता. मूळचे २० मायक्रोफॅरडचे, आता २२ चे मिळतात, ते चालतात. व्होल्टेजचं रेटिंग मात्र कमी घ्यायचं नाही. तबक परत बसवताना आउटपुटचं टोक ट्रान्सफॉर्मरपासून लांब ठेवलं, नाहीतर हुंकार पुन्हा शिरतो.

संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की आमच्याकडे व्होल्टेज बसतं, म्हणून तपासणी दुपारीच उरकली. काकांनी एक तार छेडली आणि आवाज लांबवर ओसरत गेला. ते बराच वेळ वाजवत राहिले. टोनचं बटण अजून खरखरतं. तेवढा पॉट, म्हणजे बटणाखालचा फिरता रेझिस्टर, नागपूरहून आणला की काम संपेल.