मॉर्फिन घड्याळाच्या वेळेवर

गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या पॅलिएटिव्ह वॉर्डात नर्स म्हणून बदली झाली तेव्हा मॉर्फिनचं, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या जोरदार वेदनाशामकाचं, दडपण होतं. कपाटाला दोन कुलपं, वेगळं रजिस्टर, गोळी काढताना दोघींच्या सह्या. १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यानंतर परवान्यांच्या कटकटीमुळे कित्येक रुग्णालयं मॉर्फिन ठेवतच नसत. २०१४च्या दुरुस्तीनं वाट सोपी केली, पण माणसांच्या मनातली भीती अजून तशीच आहे.

स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरलेल्या पन्नाशीच्या एक मावशी आल्या. ट्रॅमाडॉल हे मॉर्फिनहून सौम्य वेदनाशामक दिवसाला ४०० मिलिग्रॅमवर पोचलेलं, त्यापुढे वाढवता येत नाही, आणि दुखणं दहापैकी आठ. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचं काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी पाहिली (मूत्रपिंड कमजोर असेल तर मॉर्फिनचे अंश अंगात साठतात), ट्रॅमाडॉल बंद केलं आणि मॉर्फिन १० मिलिग्रॅम दर चार तासांनी सुरू केलं. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा; रात्री दहाला दुप्पट, म्हणजे पहाटे उठवायला नको. दुखायला लागल्यावर द्यायची ही गोळी नव्हे. मधेच कळ आली तर तेवढाच जादा डोस, आणि त्याची वेळ लिहून ठेवायची.

मुलगा म्हणाला, "सिस्टर, आईला व्यसन लागेल हो."

मी त्याला बसवून सांगितलं: अंगाला औषधाची सवय होते, म्हणून ते एकदम तोडायचं नाही, हळूहळू उतरवायचं. व्यसन म्हणजे वेगळं. तुमची आई औषध मागते ती दुखतंय म्हणून.

पहिल्या दिवसात तीन जादा डोस लागले. दिवसाचे नेहमीचे ६० आणि जादा ३० मिळून ९०, त्याला दिवसाच्या सहा डोसांनी भागून नवा डोस १५ मिलिग्रॅम. हे गणित मला फार आवडलं, कारण त्यात मावशींचं म्हणणं आकड्यात उतरतं. दर फेरीला मी आधी त्यांची गुंगी बघायची, मग श्वास मोजायची. श्वास मंदावण्याआधी बहुधा गुंगी वाढते. मॉर्फिनचा परिणाम उलटवणारं नॅलोक्सोन ट्रॉलीत तयार असायचं, ते लागलं नाही. मळमळ थोड्या दिवसांत गेली. बद्धकोष्ठता मात्र आपोआप जात नाही, म्हणून पोट साफ करणारं औषध पहिल्या डोसपासून सुरूच होतं. ते राहून गेलं तर लोक पोटाच्या त्रासापायी मॉर्फिनच सोडून देतात.

दुखणं तीनवर आलं, मावशी कुशीवर वळून झोपू लागल्या. घरी जाताना मुलाला वेळापत्रक लिहून दिलं, गोळ्या कुलपात ठेवायला सांगितल्या आणि पुढच्या खेपेला रिकाम्या स्ट्रिप परत आणायला.