नवव्या ओळीतलं लिंबू

रविवार, रात्री साडेदहा

आज दिवसभर शिवलं कमी, उसवलं जास्त. बोटाला ब्लेड लागलं ते वेगळंच.

दिवाळीनंतर ही गोधडी काढली तेव्हा डोक्यात सिअरपिन्स्कीचा त्रिकोण होता. या पोलिश गणितज्ञाने तो १९१५ मध्ये मांडला. त्रिकोणाच्या मधोमध उलटा त्रिकोण कापून टाकायचा, उरलेल्या तिन्हींतून तसाच, मग त्या नऊंतूनही तसाच. असल्या आकृत्यांना 'फ्रॅक्टल' हे नाव मँडेलब्रॉट या गणितज्ञाने दिलं ते पार १९७५ मध्ये. कागदावर हे कितीही वेळा करा, कोण अडवतंय! कापडावर मात्र शिलाई आडवी येते. चार इंची चौकोन हवा असेल तर चारी बाजूंना पाव-पाव इंच सोडून साडेचारचा कापावा लागतो, इथवर ठीक. एक इंची हवा असेल तर दीड इंचाचा, म्हणजे अर्ध्याहून जास्त कापड उलट्या बाजूला दडून बसणार. आणि टोकदार त्रिकोणांच्या कोपऱ्यात कापडाचे इतके थर येतात की सुई वाकते. म्हणून त्रिकोण सोडले, चौकोन धरले. सोळा आडवे, सोळा उभे, एकूण चौसष्ट इंच. धाकटीला दोन-चार हिवाळे पुरेल.

नक्षी आकड्यांतून घेतली. पास्कलचा त्रिकोण शाळेत सगळ्यांनीच लिहिलेला असतो, कडेला एक आणि आत वरच्या दोन आकड्यांची बेरीज. आपल्याकडे तो मेरुप्रस्तार. पिंगळाच्या छंदःसूत्रांवर लिहिताना दहाव्या शतकात हलायुधाने तो उलगडून दाखवलाय, लघु-गुरूंचा हिशेब म्हणून. ओळी डाव्या कडेला टेकवून विषम संख्येच्या घरात रंगीत तुकडा, समच्या आणि रिकाम्या घरात पांढरा ठेवला की तोच सिअरपिन्स्की समोर येतो. सोळा ओळींत रंगीत ८१, बाकी १७५ पांढरे. पांढऱ्यासाठी मेन रोडवरून मांजरपाट आणलं, रंगीत आमच्या आईंच्या जुन्या सुती साड्यांतून निघाले.

आई म्हणजे सासूबाई. माहेर निफाडकडचं, त्यामुळे थंडी आणि गोधडी या दोन विषयांत त्यांच्यापुढे कोणी बोलायचं नाही. त्यांना मी हौसेने बेरजा दाखवायला लागले, एक चार सहा चार एक. त्यांनी पाच ओळी नुसत्या पाहिल्या. "म्हणजे वरचं घर आणि त्याच्या डावीकडचं घर सारखं असलं की पांढरं, वेगळं असलं की रंगीत. एवढंच ना गं?" एवढंच. मी वहीची चार पानं भरली होती. तरी पहिल्या आठ ओळी मी वहीत बघूनच लावल्या, पुढे मात्र आईंच्या नियमाने.

अशा वेळी गणिती कापरेकरांची आठवण येतेच. ते इथेच, नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवायचे. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करा, परत तेच करा. ३५२४ घेतले तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि पुढे कितीही करा, ६१७४च. नियम एका ओळीचा, आणि माणूस वही घेऊन बसला की बसला.

असो. तर नववी ओळ. या ओळीत रंगीत फक्त दोन, पहिलं घर आणि नववं. रात्री ट्यूबच्या उजेडात चौथ्या घरात पांढरा म्हणून जो तुकडा लावला, तो आईंच्या लिंबू रंगाच्या साडीचा होता. धुऊन धुऊन पार विटलेला. सकाळी खिडकीपाशी दहावी ओळ लावायला बसले तेव्हा तो मला रंगीतच दिसला आणि मी नियमाप्रमाणे पुढे गेले. नियम एकदाही मोडला नाही, हे विशेष!

काल सोळावी पट्टी लावताना रंगीत तुकडे पाच कमी पडले आणि पांढरे पाच उरले. मी स्वतः मोजून कापलेले. शिवाय दुसरी, चौथी, आठवी ओळ त्रिकोणापुरती अख्खी रंगीत आली होती, म्हणजे सोळावीही तशीच यायला हवी. तिच्यात मधोमध सलग आठ पांढरे. खुर्चीवर उभी राहून वरून पाहिलं, तेव्हा कुठे लिंबू सापडलं. चुकीच्या घरांवर खडूने फुल्या मारत गेले. नवव्या ओळीत एक, दहावीत दोन, अकरावीत दोन पण मध्ये एक सोडून, बारावीत सलग चार, असं करत सोळावीत आठ. एकूण सत्तावीस. आणि फुल्यांचा आकार? सिअरपिन्स्कीचा त्रिकोण, आठ ओळींचा. चूकसुद्धा त्याच नियमाने वाढली होती. मला आधी हसू आलं, मग मशीनची बारीक शिलाई आठवली आणि हसू गेलं.

यांचं म्हणणं, राहू दे, कोणाला कळतंय. मला कळतंय ना! पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या एवढंच नशीब. आज संध्याकाळपर्यंत आठांपैकी पाच पट्ट्या नीट झाल्या. धागे आईंनी वेचले, चष्मा कपाळावर ठेवून.

लिंबू टाकून द्यायला निघाले तर त्यांनी हात धरला. ती साडी त्यांनी मोठ्या नणंदेच्या बारशाला नेसली होती म्हणे. "पांढऱ्याला चिकटून लावू नकोस, म्हणजे झालं." म्हणून त्याला सोळाव्या ओळीत जागा काढलीय, एका बाजूला मरून, दुसऱ्या बाजूला गर्द हिरवा. खाली अस्तराला त्यांचं नऊवारी आहे, ते उद्या उन्हात टाकायचं.